टायरातून गेलेला वाघ

पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर पडलेला जुना टायर हातात घेऊन बघा. आडवा करा, तिरका धरा, झटका. आतलं पाणी पूर्ण निघतच नाही. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला टायगर डास, म्हणजे एडिस अल्बोपिक्टस, जगभर पसरला तो अशाच टायरांतून. मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, टायरच्या ओल्या भिंतीवर. पाणी आटलं तरी ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची काळी अंडी महिनोन् महिने तग धरतात. जुन्या टायरांचा माल जहाजात चढला, की ती फुकटात परदेशी.

१९७९ साली हा डास अल्बानियात सापडला, १९८५ साली ह्यूस्टनला, १९९० साली इटलीतल्या जिनोआला. आपल्याकडे डेंग्यूसाठी बदनाम असलेला त्याचा भाऊबंद एडिस इजिप्ती कडाक्याच्या हिवाळ्यात टिकत नाही. मग हा कसा टिकला?

मादी थंडीची वाट बघत बसतच नाही. उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागले, की ते तिला कळतं, आणि मग ती वेगळीच अंडी घालते. आत अळी पूर्ण तयार होते, पण पाणी मिळालं तरी बाहेर येत नाही. हिवाळ्यात डास मरून जातात, अंडी वसंतापर्यंत झोपून राहतात. हे कसब फक्त जपानसारख्या थंड हिवाळ्याच्या प्रदेशातल्या टायगर डासांकडे आहे. उष्ण प्रदेशातले त्यांचे सोयरे त्यात कच्चे.

डास पोचला म्हणून रोग लगेच पोचत नाही. विषाणूला डासाच्या पोटातून लाळेपर्यंत जायला दिवस लागतात, आणि हवा गार असली तर इतके, की तोवर बहुतेक डास मरून गेलेले असतात. पण युरोपातला उन्हाळा आता पुरेसा तापतो. २००७ च्या जूनमध्ये केरळहून एक पाहुणा इटलीतल्या कास्तिल्योने दि चेर्व्हिया या गावी नातेवाइकांकडे आला आणि तापाने पडला. चिकुनगुन्या होता. परिसरात दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. त्या विषाणूत एक छोटासा बदल झालेला होता, आणि त्यामुळे तो नेमका टायगर डासात चांगला वाढत होता.

केरळात हाच डास रबराच्या मळ्यांत वाढतो, चीक गोळा करायला झाडाला बांधलेल्या वाट्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात. म्हणजे तिथेही रबरच.