अधिसभेपासून वारीपर्यंत : पुणे विद्यापीठाच्या लोकसंपर्काची पार्श्वभूमी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आपले प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी आणि भोवतालचे नागरिक यांच्याशी कसे नाते ठेवावे, हा प्रश्न अलीकडच्या वर्षांत निरनिराळ्या निमित्तांनी पुढे येत राहिला आहे. कधी विद्यार्थी परिषदेच्या रखडलेल्या निवडणुका, कधी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे आंदोलन, कधी रानडे इन्स्टिट्यूटमधील वृत्तविद्या (पत्रकारिता) विभागाचे भवितव्य, तर कधी नव्या शैक्षणिक धोरणातील समाजसहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) ही ती निमित्ते होत. बातम्यांत ती सुटी सुटी येतात. त्यांच्यामागचा इतिहास मात्र एकमेकांत गुंतलेला आहे आणि तो विद्यापीठाच्या स्थापनेच्याही मागे जातो.

पुण्यात विद्यापीठ येण्याच्या कितीतरी आधी उच्च शिक्षण आले होते. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. 1885 मध्ये फर्ग्युसन आणि 1916 मध्ये आजचे स. प. महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयांच्या पदव्या 1857 च्या मुंबई विद्यापीठाच्या होत्या. पुण्यात शिकवायचे आणि परीक्षा, अभ्यासक्रम व निर्णय मुंबईत, अशी ती व्यवस्था होती. याच शहरात न्या. रानडे यांच्या पुढाकाराने 1875 पासून वसंत व्याख्यानमाला भरत होती; महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले आणि लोकमान्यांच्या निधनानंतर 1921 मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे विद्यापीठ लोकांसाठी असावे, त्याने लोकांच्या भाषेत बोलावे, ही अपेक्षा पुण्यात आधीच रुजली होती. सरकारी मान्यतेचे विद्यापीठ तिच्या मागून आले.

महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे की नाही, हे तपासण्यासाठी मुंबई सरकारने बॅ. मुकुंदराव (बाबासाहेब) जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पुढे 1948 चा पुणे विद्यापीठ कायदा झाला आणि 10 फेब्रुवारी 1949 रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले. जयकर हेच पहिले कुलगुरू झाले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या काळात विद्यापीठाला गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान आणि त्याभोवतीची सुमारे 411 एकर जमीन मिळाली. ही जागा पुणेकरांच्या स्मरणात वेगळ्याच कारणाने होती. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ 22 जून 1897 च्या रात्री याच वास्तूत झाला आणि तेथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. ज्या आवारात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता, ते आवार शिक्षणासाठी मिळणे याला म्हणूनच जमिनीच्या व्यवहारापलीकडे अर्थ होता. पुढे पहाटे फिरायला येणाऱ्या औंध-शिवाजीनगरच्या नागरिकांनी या आवारावर आपला हक्क मानला, तोही या अर्थाने सुसंगतच म्हणावा लागेल.

सुरुवातीला विद्यापीठाचे कार्यक्षेत्र 12 जिल्ह्यांचे होते, संलग्न महाविद्यालये अवघी 18 आणि विद्यार्थी आठ हजारांच्या आसपास. 1962 मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले तेव्हा दक्षिणेकडचे जिल्हे गेले. पुढे जळगावच्या विद्यापीठामुळे जळगाव आणि धुळे वेगळे झाले. उरले पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि नाशिक. क्षेत्र आकसत गेले तरी महाविद्यालयांची संख्या मात्र शेकड्यांवर गेली. ‘स्थानिक समाज’ म्हटल्यावर विद्यापीठाच्या दृष्टीने नेमके कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे कधीच सोपे राहिले नाही. गणेशखिंडीलगतची वस्ती जितकी स्थानिक, तितकाच नाशिकमधील सुरगाण्याचा किंवा नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा आदिवासी पाडाही स्थानिक ठरतो.

या पसरलेल्या समाजापर्यंत पोहोचण्याचे विद्यापीठाचे जुने साधन म्हणजे वर्गाबाहेरच्या लोकांसाठी असलेले बहिःशाल शिक्षण मंडळ. पहिल्या कुलगुरूंच्या नावाने चालणारी डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला याच मंडळाची. वक्त्याने तालुक्याच्या गावी जायचे, स्थानिक महाविद्यालयाने सभागृह आणि श्रोते जमवायचे, अशी तिची साधी रचना आहे. वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेचे हे विद्यापीठीय रूप आहे आणि त्याच परंपरेची मर्यादाही त्यात आहे: बोलणारा विद्यापीठाचा, ऐकणारे गावचे. उलट दिशेने ऐकण्याचे काम पुण्यात आधी झाले होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी 1930 च्या दशकात घरोघर जाऊन पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करवली आणि 1950 च्या दशकात ती पुन्हा केली. तेच गाडगीळ 1966-67 मध्ये या विद्यापीठाचे कुलगुरू होते. शहराकडे श्रोता म्हणून न पाहता अभ्यासाचा विषय आणि माहितीचा धनी म्हणून पाहण्याची ही दृष्टी विद्यापीठाच्या संपर्क कार्यक्रमांत फारशी उतरली नाही, याची खंत वाटते. 1987 मध्ये सुरू झालेले स्त्री अभ्यास केंद्र हा या बाबतीत ठळक अपवाद होय.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर सर्वांत टिकाऊ ठरलेली गोष्ट म्हणजे ‘कमवा व शिका’. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात रूढ केलेला हा मार्ग. सातारा जिल्हा तेव्हा पुणे विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात होता आणि 1959 मध्ये, कर्मवीरांच्या अखेरच्या वर्षी, या विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. त्यांच्या नावाची कमवा व शिका योजना विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांत आजही चालते. ग्रंथालय, कार्यालये, बागा येथे ठरावीक तास काम करून मुले खानावळीचा खर्च भागवतात. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून येणाऱ्या आणि घरून मनिऑर्डरची (आता ऑनलाइन हस्तांतराची) शाश्वती नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना म्हणजे पुण्यात राहता येईल की नाही याचा निर्णय असतो. मानधनाचा तासाचा दर आणि ते वेळेवर मिळणे यावरून तक्रारी होतात, निवेदने दिली जातात, पण योजना बंद करावी असे कोणी म्हणत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील 37 विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हे तिचे सूत्र. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात तिला एक अस्सल स्थानिक वळण मिळाले, ते वारीमुळे. आषाढीसाठी देहू-आळंदीहून निघणाऱ्या पालख्यांच्या मार्गावर ‘स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी’ या नावाने स्वयंसेवक उतरतात. मुक्कामाच्या ठिकाणी पत्रावळ्या गोळा करून त्यांचे खत करायचे, शौचालयांच्या वापराबद्दल वारकऱ्यांशी बोलायचे, असे काम चालते. येथे विद्यापीठ समाजाला आपल्याकडे बोलावत नाही. समाज ज्या वाटेने शतकानुशतके चालतो आहे, तीवर विद्यापीठ जाते, आणि बहुधा म्हणूनच हा उपक्रम कुलगुरू बदलले तरी मागे पडला नाही.

‘समर्थ भारत अभियान’चे तसे झाले नाही. डॉ. नरेंद्र जाधव 2006 ते 2009 या काळात कुलगुरू असताना प्रत्येक महाविद्यालयाने एक गाव दत्तक घ्यावे, अशी ही मोहीम मोठ्या उत्साहात सुरू झाली. कल्पना चांगली होती आणि अनेक महाविद्यालयांनी मनापासून कामही केले. परंतु कुलगुरूंची मुदत संपल्यावर मोहिमेचा वेग ओसरला. गावासाठी मनुष्यबळ, निधी आणि उत्तरदायित्व यांची कायमची तरतूद नसेल, तर गाव ‘दत्तक’ राहते ते फलकावर. जी गोष्ट नियमांत, अंदाजपत्रकात किंवा लोकांच्या सवयीत बसली ती राहिली. जी एका व्यक्तीच्या उमेदीवर उभी होती ती त्या व्यक्तीबरोबर मंदावली, असा या विद्यापीठाचा अनुभव आहे.

हीच गोष्ट आवारातील संवादालाही लागू पडते. विद्यापीठाचा कारभार आधी 1948 च्या, मग 1974 च्या कायद्याने चालला. 1994 मध्ये सर्व अकृषी विद्यापीठांसाठी एकच महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने त्याची जागा घेतली. या सगळ्यांतून टिकून राहिलेली संस्था म्हणजे अधिसभा (सिनेट). प्राचार्य, प्राध्यापक, संस्थाचालक, नोंदणीकृत पदवीधर आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी कायद्याने एका सभागृहात बसतात, अंदाजपत्रकावर प्रश्न विचारतात आणि प्रशासनाला उत्तर द्यावे लागते, असे ठिकाण दुसरे नाही. पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. पुणे, नाशिक, नगरमध्ये पदवीधर लाखोंनी असताना नाव नोंदवणारे थोडे आणि मतदानाला येणारे त्याहून थोडे, ही जुनी दुखरी बाजू आहे. त्यामुळे समाजाचा आवाज म्हणून राखलेल्या जागा प्रत्यक्षात संघटित पॅनेलांच्या वाट्याला जातात. तरीही विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाईंचा समावेश व्हावा, या मागणीला अधिसभेतून बळ मिळाले आणि 2014 मध्ये नामविस्तार झाला, हे विसरता येत नाही. फुले दांपत्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ते वर्ष 1848; पुणे विद्यापीठ कायदा 1948 चा. शहराने या शंभर वर्षांचा दुवा नावात आणायला आणखी 66 वर्षे घेतली.

विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व मात्र कायद्यात असूनही पातळ राहिले. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारामुळे 1994 च्या कायद्याने थेट निवडणुकीऐवजी गुणवत्तेनुसार वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचे गाऱ्हाणे मांडेलच, हे गृहीतक मुळात कच्चे होते. 2016 च्या अधिनियमाने खुल्या निवडणुका परत आणल्या. पण आधी विधानसभा निवडणूक आणि मग करोना, अशा कारणांनी त्या पुढे ढकलल्या गेल्या. मधल्या काळात वसतिगृह, शुल्कवाढ, निकालातील घोळ यांसाठी विद्यार्थ्यांना मुख्य इमारतीसमोर बसण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाही.

प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्या मागण्यांची गाठ राज्य सरकारशी असते, पण त्यांची धग परीक्षा विभागाला लागते. 2013 मध्ये प्राध्यापकांच्या राज्यव्यापी संघटनेने फेब्रुवारी ते मे असा परीक्षाविषयक कामावर बहिष्कार टाकला; फेब्रुवारी 2023 मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी तसेच आंदोलन केले आणि परीक्षांचे वेळापत्रक कोलमडले. दोन्ही वेळी विद्यापीठ प्रशासन मधल्या मध्ये अडकले, कारण वेतन आणि रिक्त पदे यांवर निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

शहराशी असलेला संबंध सर्वांत जिवंत दिसतो तो अनौपचारिक जागांत. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी सांभाळून जर्मन, जपानी, फ्रेंच शिकणाऱ्या पुणेकरांच्या पिढ्या गेल्या. तेथील वृत्तविद्या विभाग मुख्य आवारातील विभागात विलीन करण्याचा विचार 2021 मध्ये पुढे आला तेव्हा माजी विद्यार्थी आणि पत्रकार विरोधात उभे राहिले व शासनाने त्याला स्थगिती दिली. आवारातच असलेली, पण विद्यापीठाहून स्वतंत्र अशी आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था विज्ञान दिनाला दारे उघडते तेव्हा शाळकरी मुलांची रांग लागते. तिचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तरे देत. विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’ या सामुदायिक रेडिओनेही हाच धागा 107.4 मेगाहर्ट्झवर धरला आहे.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. स्वेच्छेचे काम गुणपत्रिकेत आल्याने त्याला तरतूद आणि सातत्य मिळेल, ही ‘समर्थ भारत’ला न लाभलेली सोय आहे. परंतु विद्यार्थ्याचे काम तपासणार शिक्षक, ज्याच्या अनेक जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर भागवल्या जातात. आणि ज्या गावात काम झाले त्या ग्रामपंचायतीला मूल्यांकनात काही म्हणता येईल, अशी तरतूद बहुतेक ठिकाणी नाही.