प्लीहावृद्धी, मूलपेशीदात्यांमधील

रक्तातील मूलपेशींचे (ज्यांपासून सर्व रक्तपेशी बनतात अशा पेशींचे) दान करण्यापूर्वी, त्या अस्थिमज्जेतून रक्तात उतराव्यात म्हणून, दात्याला दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे प्लीहेचा (पाणथरीचा) आकार तात्पुरता वाढणे. फिल्ग्रॅस्टिम व लेनोग्रॅस्टिम ही यांतील प्रमुख औषधे म्हणजे जी-सीएसएफ या, मज्जेला श्वेतपेशी बनवण्यास चालना देणाऱ्या प्रथिनाची जनुकतंत्राने बनवलेली रूपे होत. फिल्ग्रॅस्टिमला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली, ती कर्करुग्णांसाठी. निरोगी दात्यांतील वापर साधारणपणे त्याच दशकाच्या मध्यापासून रुळला. वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज सुमारे १० मायक्रोग्रॅम औषध चार-पाच दिवस त्वचेखाली टोचतात आणि नंतर अफेरेसिस यंत्राने दात्याच्या रक्तातून मूलपेशी वेगळ्या करून उरलेले रक्त परत शरीरात सोडतात.

वाढीच्या कारणाविषयी एकमत नाही. एका मतानुसार औषधाच्या प्रभावाखाली प्लीहेतच रक्तनिर्मिती सुरू होते. या मताला मोठा आधार उंदरांवरील प्रयोगांचा आहे. परंतु उंदराची प्लीहा प्रौढपणीही रक्त तयार करते, माणसाची एरवी करत नाही. दुसऱ्या मतानुसार अस्थिमज्जेतून बाहेर पडलेल्या श्वेतपेशी प्लीहेत साचतात. या काळात रक्तातील श्वेतपेशींची संख्या अनेक पटींनी वाढलेली असते. फाटल्यामुळे काढून टाकाव्या लागलेल्या काही प्लीहांत मज्जेतील अपक्व पेशी आढळल्या. मात्र त्या तेथेच निपजल्या की रक्तातून येऊन अडकल्या, हे केवळ ऊतिपरीक्षेवरून (ऊतींच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवरून) ठरवणे अवघड आहे. वाढ काही दिवसांतच होते आणि औषध थांबताच ओसरू लागते, हे पाहता साचण्याचा वाटा मोठा असावा. दोन्ही क्रिया एकत्र घडणेही शक्य आहे.

अल्ट्रासाउंड तपासणीत प्लीहेची लांबी सरासरी सुमारे एक सेंटिमीटरने वाढलेली आढळते, पण व्यक्तिपरत्वे फरक बराच असतो. इतकी वाढ पोट चाचपून सहसा कळत नाही. बहुतेकांत ती कोणताही त्रास न होता एक-दोन आठवड्यांत ओसरते. दात्याला जाणवते ती मुख्यतः हाडांतील ठणक व डोकेदुखी.

प्लीहा फाटणे अत्यंत विरळ, पण जिवावर बेतणारे असते. दात्यांमधील अशा घटनांची नोंद १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिळते. डाव्या बरगड्यांखाली किंवा डाव्या खांद्यात दुखणे ही तिची महत्त्वाची खूण. पोटात साचलेल्या रक्ताने मध्यपटल चेतवले जाते आणि वेदना खांद्यात उमटते; म्हणून खांद्याचे दुखणे स्नायूंचे समजून सोडून देऊ नये. चक्कर किंवा घाम येत असल्यास तातडीने अल्ट्रासाउंड वा सीटी स्कॅन करावा लागतो.

प्लीहा आधीच वाढलेली असल्यास किंवा नुकताच एपस्टाइन-बार या, प्लीहा वाढवू शकणाऱ्या विषाणूचा संसर्ग झालेला असल्यास दान पुढे ढकलणे योग्य. सिकलसेल आजार असलेल्यांना हे औषध देत नाहीत. औषध चालू असताना आणि त्यानंतर काही आठवडे धक्काबुक्कीचे खेळ टाळण्याचा सल्ला दिला जातो. नितंबाच्या हाडातून थेट मज्जा काढण्याच्या पद्धतीत या औषधाची सहसा गरज नसते. प्लेरिक्सॅफोर या, मूलपेशी रक्तात आणणाऱ्या पण वेगळ्या प्रकारे काम करणाऱ्या औषधाच्या माहितीपत्रकातही प्लीहावृद्धीचा इशारा आहे.