भयकथा की स्पेक्युलेटिव्ह कथा? चकव्याच्या निमित्तानं

काळ्या मुखपृष्ठाचा कथासंग्रह दिसला की आपण त्याला ‘भयकथा’ म्हणून मोकळे होतो. गावच्या वाचनालयातही तो त्याच खणात जातो. पण कधी त्यात स्पेक्युलेटिव्ह कथा असतात, म्हणजे ‘समजा, असं झालं तर?’ या प्रश्नावर रचलेल्या. भुताच्या ओढीनं तो नेणारा दोन दिवसांत परत आणतो, ‘यात भूतच नाही’ म्हणून. आणि ज्याला तो मनापासून आवडला असता, तो त्या खणाकडे फिरकतही नाही.

आपल्या चकव्याचंच घ्या. रात्रीच्या लाईटवर ओलित करायला, नाहीतर रोही-रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला गेलेला माणूस स्वतःच्याच वावरात वाट चुकतो. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडतो आणि फिरून त्याच धुऱ्यावर येतो. जाणती माणसं सांगतात, अशा वेळी जागीच बसावं, उजाडलं की वाट दिसते. सकाळी गावभर एकच वाक्य फिरतं: ‘चकवा लागला त्याले.’

भयकथा इथून पुढे कारण शोधते. त्या वावरात कोण मेलं होतं, जमीन कुणी लाटली, विहिरीत कुणाला ढकललं. कारण हाती लागलं की उतारा सापडतो, किंवा सूड तरी पुरा होतो. नारायण धारपांच्या भयकथांतला समर्थ अशाच अमंगळ शक्तींशी लढायला उभा राहतो, आणि तो आला की वाचकाला धीर येतो. हा धीर हलका समजू नये. भयकथा वाचणारा त्यासाठीच वाचतो.

स्पेक्युलेटिव्ह कथा त्याच माणसाला धरून वेगळंच विचारते: समजा, त्या वावरातून बाहेर पडायची वाट खरंच उरली नाही, तर? पहिल्या रात्री तो घाबरेल. आठव्या दिवशी काय होईल? बायको धुऱ्यावरून डबा देऊ लागेल. भाऊ म्हणेल, ‘तू तसाही तिथंच हायेस, तं माह्याही वावराचं पाणी पाहत जाय.’ तलाठी विचारेल, वहिवाट कोणाची लावू? पुढच्या वर्षी पोरीच्या लग्नाचा मांडव धुऱ्याला लागून पडेल, पाहुणे लांबूनच हात जोडतील आणि पंगतीला बसतील. चकवा का लागला, हे कथेत कुणीच विचारणार नाही. यात भूत कुठंच नाही, तरी भावाच्या त्या एका वाक्यानं अंगावर काटा येतो.

जगाचा एक नियम बदलायचा आणि माणसं त्याला किती चटकन सरावतात ते दाखवायचं, हे अशा कथेचं बळ. त्झ्वेतान तोदोरोव्ह या अभ्यासकानं १९७० साली मांडलं होतं की, घडलं ते नैसर्गिक की अलौकिक, या दुविधेत वाचक जोवर अडकलेला असतो तोवरच खरं अद्भुत टिकतं. मला तर जिथं पात्रांना ती दुविधाही पडत नाही, त्या कथा जास्त हादरवतात.

विज्ञानकथेशीही स्पेक्युलेटिव्ह कथेची गल्लत होते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसं झालं, हे तपासणीत कळलं. विज्ञानकथा त्या कारणावर उभी राहील. स्पेक्युलेटिव्ह कथेला ते कारण घेताही येतं, सोडूनही देता येतं.

चौकटी मोडणाऱ्या संग्रहात एक कथा पंचनाम्याच्या भाषेत चालते, दुसरी आजीच्या कहाणीसारखी, तिसरी विज्ञानाच्या अंगानं सुरू होऊन भलतीकडेच निघते. पुढची कथा कोणत्या जातीची असेल याचा अंदाज येत नाही, आणि मला त्याचीच ओढ लागते. हे आपल्या वाचकाला झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. धानाचा हंगाम उरकल्यावर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं रंगतात. वडसा हे त्या नाटकमंडळींचं मोठं केंद्र. एकाच नाटकात विनोद, गाणी, रडारड आणि खून होतो, अन् लोक पहाटेपर्यंत बसून असतात. हा नाटकाचा कोणता प्रकार, असं तिथं कुणी विचारत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या नियतीनं घेरलेल्या कथाही मराठी वाचकानं आपल्याशा केल्याच. त्या तरी कोणत्या खणात बसतात?

अर्थात नुसता काळोख ओतला म्हणजे कथा होत नाही. कल्पना झकास आणि माणसं पुठ्ठ्याची, असे संग्रहही निघतात. चकव्यातल्या माणसाच्या बायकोनं डब्यात काय दिलं हे लेखकाला ठाऊक नसेल, तर ती कथा मी मिटवून ठेवते.

आणि या कथा एका बैठकीत सलग वाचू नयेत. प्रत्येकीचा नियम वेगळा असतो. पहिलीचा नियम डोक्यातून उतरायच्या आत दुसरी उघडली, की दोन्ही फिक्या पडतात. मध्ये एक दिवस जाऊ द्यावा.