गांजाचा वास : आधी नाक, मग यंत्र

स्कंक हा अमेरिकेतला मांजराएवढा प्राणी. बिथरला की शेपटी वर करून असा फवारा मारतो की कपडे धुऊनही दर्प जात नाही. गांजाच्या सर्वांत गाजलेल्या संकराला याच प्राण्याचं नाव मिळालं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांतून 'स्कंक नंबर वन' तयार झाला. पुढच्या दशकात बियाणं नेदरलँड्सला पोचलं आणि १९८८मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या पहिल्या 'कॅनाबिस कप' या गांजाच्या वाणांच्या स्पर्धेत हाच वाण जिंकला.

लागवडच बेकायदा, तर नमुना तपासायला नेणार कुठे? म्हणून निवड नाकावर. कोवळ्या रोपाचं खोड बोटांनी चोळायचं, बोटं हुंगायची, नको ते रोप उपटायचं. फुलोरा आल्यावर पुन्हा हुंगायचं आणि वाळवल्यावर आणखी एकदा, कारण वाळताना वास बदलतो. मनात भरलेल्या मादी झाडाच्या फांद्या लावून तेच झाड वर्षानुवर्षं टिकवायचं. लपूनछपून चाललेल्या या कामात शब्दही ज्याचे त्याचे : लिंबू, डिझेल, चीज. वाइनला १९८०च्या दशकात अ‍ॅन नोबल या संशोधिकेचं गंधचक्र, म्हणजे वासांच्या ठरावीक शब्दांचा गोल तक्ता, मिळालं, बिअरला त्याआधीच. गांजाची परिभाषा मात्र वाणांच्या नावांतच अडकून राहिली.

२०१४मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत खुली विक्री सुरू झाली, तिथून प्रयोगशाळांचे आकडे आले. पाकिटावर टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचा टक्का, खाली टर्पीनं, म्हणजे वनस्पतींना वास देणारी संयुगं : संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, मिरी-लवंगेतलं कॅरिओफिलीन, बिअरमध्ये घालायच्या हॉप्समधलं मिर्सीन. (हॉप्स गांजाच्याच कुळातलं, त्यामुळे यात नवल नाही.) २०१८च्या एका अभ्यासात लोकांना ११ वाण नुसते हुंगायला दिले. वर्णनांचे सरळ दोन गट पडले : लिंबू-गोड-उग्र आणि मातकट-लाकडी. आकड्यांच्या गर्दीपुढे हे फारच साधं वाटतं, पण पैदासकाराला उपयोगी तेच.

स्कंकचा दर्प मात्र टर्पीनांत सापडेना. २०२१मध्ये उलगडा झाला : दर्प गंधकाच्या संयुगांचा, त्यात मुख्य एक थायॉल. उन्हात राहिलेली बिअर ज्याने नासते तेच हे, आणि प्राण्याच्या फवाऱ्यातल्या रसायनांचं नातलग. प्रमाण इतकं नगण्य की टर्पीनांच्या नेहमीच्या चाचणीत ते दिसतही नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी बोटं हुंगून ते नाव ठेवलं, त्यांना ते तेव्हाच जाणवलं होतं.