दृष्टिप्रयोगांसाठी मॉनिटरची निवड

डोळ्याला किती फिकट, किती बारीक आणि किती थोडा वेळ दाखवलेलं ओळखू येतं हे तपासायचं असेल तर मॉनिटर हे प्रयोगातलं मोजमापाचंच उपकरण ठरतं. त्यामुळे चित्र सुंदर दिसतंय का यापेक्षा सांगितलेल्या क्षणी, सांगितला तेवढाच प्रकाश बाहेर पडतोय का हे बघून तो निवडतात.

क्षणभर चित्र दाखवायचं टॅकिस्टोस्कोप हे यंत्र सहसा फोल्कमान यांच्या नावावर, 1859 च्या सुमाराचं धरतात. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांची कॅथोड किरण नळी 1897 ची. पुढे प्रयोगशाळांत कॉम्प्युटर आले तसे याच नळीचे सीआरटी मॉनिटर रूढ झाले आणि बाजारातून ते गेल्यावरही बऱ्याच जणांनी जुने सांभाळून ठेवले.

खरा वाद आहे तो स्टिम्युलस, म्हणजे दाखवलेलं चित्र किंवा ठिपका, नेमका किती वेळ दिसला यावर. 100 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 100 वेळा चित्र नव्याने काढणाऱ्या सीआरटीवर एक फ्रेम (एकदा काढलेलं चित्र) 10 मिलिसेकंदांची, पण किरण वरून खाली सरकत जातो, एकेक ठिपका क्षणभरच पेटतो आणि पडद्यावरच्या फॉस्फर या चमकणाऱ्या थराची चमक काही मिलिसेकंदांत विझत जाते. म्हणजे शोधनिबंधात 30 मिलिसेकंद लिहिलेला तीन फ्रेमचा स्टिम्युलस प्रत्यक्षात तीन झटके असतात, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 20 मिलिसेकंद आणि वर उरलेली चमक तेवढी. संशोधक टोबियास एल्झे यांनी 2010 मध्ये हाच मुद्दा मांडला, की फ्रेम गुणिले फ्रेमचा वेळ हा सरसकट हिशोब सीआरटीवर कालावधी फुगवून सांगतो. उलट बाजूने असं म्हणता येतं की ब्लॉक (Bloch) यांच्या नियमानुसार साधारण 100 मिलिसेकंदांच्या आत, भरपूर उजेडात त्याहूनही कमी वेळात, डोळा एकूण प्रकाशच बेरजेला धरतो, आणि तीन फ्रेममध्ये प्रकाश तिप्पट होतोच, मग जुना हिशोब अगदीच टाकाऊ नाही. पण मास्किंगच्या प्रयोगात, म्हणजे स्टिम्युलसमागोमाग तो झाकोळणारं दुसरं चित्र (मास्क) दाखवतात तिथे, स्टिम्युलस विझल्यापासून मास्क येईपर्यंतची मोकळी जागा महत्त्वाची असेल तर हे उत्तर पुरत नाही. स्टिम्युलसच्या सुरुवातीपासून मास्कच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर मात्र दोन्ही हिशोबांत सारखंच येतं, म्हणून ते, फ्रेमची संख्या, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती फ्रेम) आणि पडद्याचा प्रकार हे सगळं लिहून टाकणं जास्त सुरक्षित वाटतं.

एलसीडीचा स्वभाव वेगळा, तो पूर्ण फ्रेमभर, 60 हर्ट्झला सुमारे 16.7 मिलिसेकंद, चित्र धरून ठेवतो. खोक्यावरचा 1 मिलिसेकंद हा आकडा एका करड्या छटेवरून दुसरीवर जायचा, तोही बहुतेक ओव्हरड्राइव्ह (छटा लवकर बदलावी म्हणून दिलेला जादा व्होल्टेज) चढवून मिळवलेला असतो, आणि त्या नादात प्रकाश आधी हवा त्याच्या पुढे जाऊन मग मागे येतो. शिवाय आधीच्या फ्रेममध्ये काय होतं यावर आत्ताच्या फ्रेमचा प्रकाश अवलंबून राहतो. बॅकलाइट लुकलुकवून उजेड कमी करणारी मॉडेलं आणखी घोळ घालतात. तरी एलसीडी सरसकट बाद नाही, वांग आणि निकोलिच या संशोधकांनी 2011 मध्ये 120 हर्ट्झचा सॅमसंगचा एक एलसीडी मोजून तो वेळेच्या बाबतीत पुरेसा नेमका असल्याचं दाखवलं. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो असा पडदा, झटकन पेटतो-विझतो आणि काळा खरंच काळा दाखवतो, मात्र पडद्याचा मोठा भाग उजळ झाला की बरीच मॉडेलं एकूण प्रकाश आपोआप कमी करतात, म्हणजे बाजूची पार्श्वभूमी बदलली की मधल्या ठिपक्याचा प्रकाशही बदलू शकतो.

कॉन्ट्रास्टच्या प्रयोगात छटांची संख्या आडवी येते. 8 बिटला 256 पायऱ्या, गॅमा (पडद्याला दिलेला आकडा आणि बाहेर पडणारा प्रकाश यांच्यातल्या वक्र नात्याचा घातांक) 2.2 धरला तर निम्म्या प्रकाशाची पातळी 186 च्या आसपास येते आणि तिथे एक पायरी वर-खाली केली तरी कॉन्ट्रास्ट जवळपास 1.2 टक्के होतो; चांगल्या उजेडात माणसाला अर्धा टक्कासुद्धा दिसू शकतो. म्हणजे मोजायचंय त्यापेक्षा मोजपट्टीच जाड. यावर पेली आणि झांग यांचा 1991 चा अॅटेन्युएटर (व्हिडिओ सिग्नल घटवून बारीक पायऱ्या मिळवणारं सर्किट), डिदरिंग (शेजारच्या ठिपक्यांत किंचित फरक ठेवून मधली छटा भासवणं), किंवा जास्त बिटांचं खास हार्डवेअर असे उपाय आहेत. गॅमा मात्र फोटोमीटरने (प्रकाश मोजायच्या यंत्राने) स्वतः मोजूनच सरळ करायचा, कंपनीच्या प्रोफाइलवर भिस्त ठेवायची नाही.

डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग, ऑटो ब्राइटनेस हे सगळं बंद, रिझोल्यूशन मूळचंच, मॉनिटर आधी तापू द्यायचा. अंतर 57 सेंमी ठेवलं की पडद्यावरचा 1 सेंमी म्हणजे जवळजवळ 1 अंश.

वेळेची तपासणी अशी करतात: पडद्याच्या कोपऱ्यात छोटा चौकोन स्टिम्युलससोबत काळ्याचा पांढरा होतो, त्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) काळ्या टेपने चिकटवलेला असतो आणि ऑसिलोस्कोपवर प्रकाशाची रेघ दिसते. सीआरटीची रेघ सुळक्यासुळक्यांची, एलसीडीची पठारासारखी, आणि गळलेली फ्रेम लगेच डोळ्यात भरते. चौकोन खालच्या कोपऱ्यात असेल तर वरचा भाग त्याच्या जवळपास एक फ्रेम आधी रंगलेला असतो, हे वजा करायला विसरू नये.

एमआरआयच्या खोलीत चुंबकामुळे साधा मॉनिटर ठेवता येत नाही, तिथे बाहेरून प्रोजेक्टर वापरतात. प्रोपिक्ससारखा डीएलपी (बारीक आरशांनी चित्र पाडणारा) प्रोजेक्टर करड्या छटांत 1440 हर्ट्झपर्यंत जातो.