डब्ल्यूडीपी-4: चारचा घोळ आणि दोन मोकळे ॲक्सल

डब्ल्यूडीपी-4 या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाच्या नावातली अक्षरं कुणाला अडवत नाहीत: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, पी प्रवासी गाड्यांचं, जी मालगाडीचं, एम दोन्हींचं. गोंधळ होतो तो शेवटच्या चारमुळे. 1962 मध्ये अमेरिकेहून आलेल्या डब्ल्यूडीएम-4 मधला 4 हा नुसता मॉडेलचा क्रमांक होता, ताकद 2,600 अश्वशक्ती. पुढे रीत बदलली आणि आकडा हजारांचा झाला, म्हणून डब्ल्यूडीपी-4 मधला 4 म्हणजे 4,000 अश्वशक्ती. आकड्यानंतरचं अक्षर वरचे शेकडे दाखवणार असं ठरलं, ए म्हणजे 100, बी म्हणजे 200; त्या हिशोबाने डब्ल्यूडीएम-3ए म्हणजे 3,100. पण डब्ल्यूडीपी-4बी 4,200 चं नाही, 4,500 चं आहे, आणि 4डी सुद्धा 4,500 चंच. तिथला 'डी' दोन केबिनचा, म्हणजे चालवणाऱ्याच्या दोन खोल्यांचा. नियम करायचा आणि आपणच मोडायचा, त्यातून हा गुंता झाला.

जुनी गोष्ट थोडक्यात. 1969 ची पहिली राजधानी एक्सप्रेस डब्ल्यूडीएम-4 नेच ओढली. तरी वाराणसीच्या रेल्वे कारखान्यात 1964 पासून बनू लागली ती दुसऱ्या अमेरिकी कंपनीची, म्हणजे अल्को घराण्यातली इंजिनं, कारण तंत्रज्ञान तिथून मिळालं. ती कंपनी 1969 मध्ये बंद पडली. आपण मात्र तिचाच आराखडा सुधारत राहिलो. डब्ल्यूडीएम-4 बनवणाऱ्या कंपनीच्या घराण्याकडे आपण परतलो ते थेट नव्वदच्या दशकाअखेरीस, आधी मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-4 साठी. प्रवासी गाड्यांचं डब्ल्यूडीपी-4 आलं 2001 मध्ये. पहिली दहा अमेरिकेतून आली, पुढची वाराणसीत बनली. सोळा सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, चाकं फिरवायला थ्री-फेज विजेच्या मोटर, वेग ताशी 160 किलोमीटर.

वाद आहे तो चाकांचा. सहा ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोड्यांचे सहा दांडे, पण मोटर चारांवरच. दोन्ही बोगींचा (इंजिनाखालच्या तीन-तीन ॲक्सलच्या चौकटींचा) आतला ॲक्सल नुसता वजन पेलायला. कागदावर हे पटण्यासारखं होतं: इंजिन हलकं, देखभालीला दोन मोटर कमी, आणि प्रवासी गाडीला मालगाडीएवढा जोर कशाला? पण आपली एक्सप्रेस बावीस-चोवीस डब्यांची असते आणि दर थोड्या अंतरावर थांबते. ताकद कितीही असो, ती रुळापर्यंत पोचते मोटर असलेल्या चाकांवर पडणाऱ्या वजनातूनच, आणि इथे तिसरा हिस्सा वजन त्या कामी येतच नव्हतं. पावसात चढावर गाडी उचलायची वेळ आली की चाकं जागच्या जागी फिरायची, रुळावर वाळू सोडावी लागायची. अल्कोवर हात बसलेल्या लोको पायलटांना हे खटकलं, आणि ते बरोबरच होते. माझ्या मते सहा मोटर पहिल्या दिवसापासून हव्या होत्या. त्या मिळाल्या 2010 च्या 4बी मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी.

दुसरी अडचण एकाच केबिनची. ती एका टोकाजवळ, म्हणून लांब तोंड, म्हणजे इंजिनाची बाजू, पुढे असलं की लोको पायलटला समोर इंजिनाची लांबच लांब भिंत आणि तिच्या कडेने दिसणारा सिग्नल. वळणावर तर तोही एकाच बाजूच्या माणसाला दिसणार, दुसऱ्याने त्याच्या हाकेवर विसंबायचं. 4डी ने दोन्ही टोकांना केबिन देऊन हे दुखणं संपवलं.

इंजिन खऱ्या अर्थाने जमलं ते इथे, आणि तोवर तारा येऊन पोचल्या होत्या. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच, 2020 मध्ये, वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून 'डिझेल' शब्द काढला गेला होता.