गळ्यात चिठ्ठी अडकवलेली पोरं

दुसऱ्या महायुद्धात फिनलंडवर रशियाचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिथल्या लोकांनी ७० हजारांच्या आसपास मुलं स्वीडनला पाठवली, गळ्यात नावाची चिठ्ठी, बहुतेकांच्या सोबत आईबाप कोणी नाही. तिकडे घरं चांगली मिळाली, पोटभर खायला मिळालं, बॉम्बचा तर प्रश्नच नव्हता. पण परत आली तेव्हा बरीचशी छोटी पोरं फिनिश विसरलेली. म्हणजे आई समोर उभी आणि तिच्याशी बोलायला भाषाच नाही!

पुढे ही माणसं साठीत आल्यावर हेलसिंकीच्या संशोधकांनी बघितलं, तर लहानपणी एकटं पाठवलेल्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं जास्त, आणि टेन्शन आलं की शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल हार्मोन पण जास्त. आता कोणी म्हणेल, ज्यांनी मुलं पाठवली त्या घरांतच आधीपासून काही भानगड असेल. शंका रास्त आहे. म्हणून नंतर सख्ख्या भावंडांचीच तुलना केली, एक गेलेलं, एक घरी राहिलेलं. तर एकंदरीत फारसा फरक नाही, पण पाठवलेल्या मुलींवर मोठेपणी डिप्रेशनसारख्या आजारासाठी ॲडमिट व्हायची वेळ घरी राहिलेल्या बहिणींपेक्षा साधारण दुप्पट आली. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात तर या पाठवलेल्या मुलींच्या पोटच्या मुलींमध्येही हा धोका वाढलेला दिसला. मला हे वाचून गरगरलंच.

लंडनमध्ये ॲना फ्रॉइड (हो, मनाचा अभ्यास करणाऱ्या त्याच सिग्मंड फ्रॉइडची मुलगी) आणि तिची सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धाच्या काळात लहान मुलांना ठेवून घेणारी पाळणाघरं चालवली, त्यांना हेच रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. आई जवळ आहे आणि घाबरलेली नाही, तर बॉम्बहल्ल्यातही पोर बऱ्यापैकी ठीक. आईपासून तुटलं की सुरक्षित जागीही अंथरूण ओलं करणार, अंगठा चोखणार, शिकलेलं बोलणं विसरणार. लहान मुलाला स्वतःचं स्वतः शांत होता येत नाही ना, ते मोठ्या माणसाच्या अंगाला चिकटून शांत होतं. मग या बायकांनी चार-पाच मुलांमागे एक ठरलेली बाई दिली. आधी नुसती रडारड, ‘माझी बाई’ म्हणून मारामाऱ्या, पण थोड्या दिवसांत बोलणंही सुधारलं आणि शी-शूच्या सवयीही. मारामारी हीच सुधारणेची पहिली खूण होती, म्हणजे कोणीतरी आपलं वाटायला लागलं होतं.

आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, जवळपास ५,००० माणसं, जास्त करून बायका आणि मुलं, सैबेरियात हद्दपार झालेली, तिथून इराणमार्गे आलेली. कॅम्पात त्यांनी पोलिश शाळा काढल्या, चर्च केलं, स्काउट चालवलं, म्हणजे निदान पोरांची भाषा तरी सुटली नाही. ते गेले आणि त्याच जागी फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली, तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.